दोन बोटांवरचं विमान

आई गेल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा विमानांकडे वळले. ठरवून नाही. मी सरकारी खात्यात आरेखक आहे, कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढते. एका शनिवारी सुट्टी असूनही साहेबांनी साइटवर बोलावलं होतं आणि आमची जीप काटोल रोडने चालली होती. फेटरीच्या पुढे एक रिकामा लेआउट लागला. प्लॉटचे सिमेंटचे खांब रोवलेले, मुरमाचे रस्ते आखलेले, घर मात्र एकही नाही. त्या मुरमावरून रिमोटवरचं एक छोटं पिवळं विमान उठलं, आमच्या जीपच्या वरून वळलं आणि परत गेलं. गाडीतल्या बाकीच्यांचं लक्षही नव्हतं. मी मात्र मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

कॉलेजात मी हवाई तुकडीतली कॅडेट होते. मुली आम्ही तिघीच. तिथे आम्हाला बाल्सा लाकडाची विमानं करायला शिकवत. हे लाकूड इतकं हलकं की फुंकर मारली तर टेबलावरून उडून जावं. सरांनी पहिली गोष्ट शिकवली ती विमान उडवायची नाही, तोलायची. पंखांखाली दोन्ही हातांचं एकेक बोट लावायचं, विमान उचलायचं आणि ते कुठे धरल्यावर आडवं, स्थिर राहतं ते शोधायचं. त्या जागेला गुरुत्वमध्य म्हणतात. मैदानावर सगळे त्याला सीजी म्हणतात. ती जागा पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर यायला हवी. तिथे तोल येत नसेल तर विमान कितीही देखणं असो, ते उडवायचं नाही. सर म्हणत, नाक जड असलेलं विमान तुमचं ऐकत नाही, आणि शेपूट जड असलेलं कोणाचंच ऐकत नाही.

पुढे बाबा गेले. मग भावाचं इंजिनिअरिंग, माझी नोकरी, आणि आईचं दुखणं, जे आठ वर्षं चाललं. माझ्या लग्नाचं बघायला कोणी उरलं नाही, आणि मलाही ते आठवायला सवड झाली नाही. आई गेली तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. भाऊ हैदराबादेत. रविवारी सकाळी तिची औषधं लावून ठेवायची सवय हाताला होती, आणि लावायला औषधं नव्हती. म्हणून त्या शनिवारनंतरच्या रविवारी मी स्कूटर काढली आणि लेआउटवर गेले.

विमानं उडवणारे पाच-सहा जण असत. एक निवृत्त सर्व्हेअर काका, एक दाताचे डॉक्टर, मोबाइलच्या दुकानातले दोघे भाऊ. मी खांबाला टेकून बघत उभी राहायची. कोणी विचारलं नाही काहून आली म्हणून. तिसऱ्या रविवारी काकांनी चहा दिला आणि मी त्यांची 'ताई' झाले.

ते हिवाळ्यात आले. संत्र्यांचे रिकामे क्रेट लादलेली पिकअप मैदानाच्या कडेला थांबली आणि एक गृहस्थ उतरले. पन्नाशी उलटलेली, पांढरा बुशशर्ट, पायात साध्या चपला, आणि हातात थर्माकोलसारख्या फोमचं तयार विमान. काटोलच्या बाजारात संत्र्यांचे व्यापारी होते ते. मुलगा परदेशात होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने ते आणलं, दोनदा उडवलं आणि खोक्यात ठेवून परत गेला.

"पोट्टं ठेवून गेलं," ते काकांना सांगत होते. "धूळ खाऊन राहिलं होतं. म्हटलं, उडवून तं पाहू."

त्यांनी विमान हाताने फेकलं. ते नाक वर करून उठलं, क्षणभर हवेत उभंच राहिलं, आणि शेपटीवरून मागे घसरून आदळलं. पुन्हा फेकलं. पुन्हा तेच. एकाने सांगितलं मोटर कमजोर आहे, दुसऱ्याने सांगितलं जोरात फेका. दोन महिन्यांत मी तिथे विमानांबद्दल एक शब्द बोलले नव्हते, पण आता राहवलं नाही.

"शेपटीकडे जड आहे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले. "तुमाले कसं मालूम?"

"द्या इकडे."

माझ्या पर्समध्ये सहा इंची पट्टी नेहमी असते. पंखाची रुंदी मोजली, सात इंच. पुढच्या कडेपासून दोन इंचांवर, दोन्ही पंखांच्या पोटाला बॉलपेनने खूण केली. खुणांवर बोटं लावून उचललं तर विमानाने नाक आभाळाकडे केलं आणि शेपूट माझ्या मनगटावर टेकवली. मी पोटाचं झाकण उघडलं. बॅटरी पार मागे होती.

"ही कोणी लावली?"

"मीच. जागा दिसली, ढकलली."

बॅटरी पुढे आणली, मागे कागदाचा बोळा कोंबला. तरी शेपूट किंचित झुकत होती. त्यांनी खाली वाकून मुरमातले दोन-तीन खडे उचलले, तळहातावर एकेक खेळवून पाहिला आणि एक माझ्यापुढे धरला. "हा वीस ग्राम भरन."

मी हसले. खडा नाकाला टेपने चिकटवला आणि पुन्हा उचललं. विमान माझ्या बोटांवर आडवं राहिलं, नाक अगदी जरासं खाली, जसं हवं तसं. पुढे खड्याच्या जागी शिसं बसवलं तेव्हा तो खडा मी घरी नेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला होता. एकोणीस भरला.

"आता फेका," मी म्हटलं.

"तुमीच उडवा जी. माह्या हातून पुन्हा आदळन."

पंचवीस वर्षांनी माझ्या हातात रिमोट आला. चार मिनिटं उडवलं. उतरवलं तेव्हा ते जवळ आले, विमानाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या रविवारी येता ना, मॅडम?"

मैदानावर सगळे मला ताई म्हणायचे, आणि मी सगळ्यांना भाऊ किंवा काका. फक्त ते मॅडम म्हणायचे, आणि मी त्यांना काहीच म्हणायची नाही. भाऊ म्हणायला जीभ वळली नाही, दुसरं काही म्हणायचा हक्क नव्हता. "ऐका ना" यावरच माझं सगळं भागायचं. ऑफिसात मी 'मला' बोलते, घरी आईशी 'मले' बोलायची. आई गेल्यावर ते 'मले' बंदच झालं होतं. एके दिवशी त्यांच्याशी बोलताना ते तोंडातून निघालं आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं.

जानेवारीत आम्ही ठरवलं, तयार नाही, आपण स्वतः विमान करायचं. नकाशा मी काढला. पाच फुटांचा पंख, बाल्साच्या फासळ्या. लाकूड कुरिअरने मागवलं. रविवारी दहापर्यंत मैदानावर, मग माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर काम. शेजारच्या बाईंनी पहिल्या दिवशी खिडकी उघडली, तिसऱ्या रविवारी बंद केली. ते घासकागद हातात घेऊन तास-तास फासळ्या घासत. लाकडाची पट्टी तळहातावर ठेवून वजन सांगायचे आणि मी काट्यावर ताडून बघायची. एक-दोन ग्रामच्या वर चुकले नाहीत कधी. त्यांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली होती. तिच्याबद्दल ते काम करता करता बोलायचे, मान वर न करता. एकदा म्हणाले, "तिले गाडीत बसलं का झोप यायची. कितीही खड्डे असू दे." एवढंच. मग बराच वेळ घासत राहिले.

दुपारी आम्ही जेवायचो. वांग्याची भाजी, भाकर, ठेचा. जेवून झालं की आपलं ताट ते स्वतः घासून ठेवायचे. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "हात हायेत ना मले." माझ्या पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आहे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाचा त्यांचा फोटो तिच्याशेजारी आहे. पहिल्या दिवशी आत येताना ते तिथे थांबले होते, चपला बाजूला केल्या होत्या आणि हात जोडले होते. मी कोण, कुठली, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. मला वाटलं, तो प्रश्न तिथेच मिटला.

मार्चमध्ये विमान पूर्ण झालं. लाल-पांढरी प्लास्टिकची फिल्म इस्त्रीने चिकटवली, मोटर, बॅटरी, सगळं जागच्या जागी बसवलं. आता सीजी. पंख नऊ इंच रुंद, म्हणून खूण अडीच इंचांवर. मी खुणांवर बोटं लावून विमान टेबलाच्या वर उचललं. शेपूट खाली गेली, अपेक्षेप्रमाणेच. नाकात एक छोटी पेटी ठेवली होती, तिच्यात एअरगनचे शिशाचे छर्रे टाकायचे होते. मी धरायचं, त्यांनी एकेक टाकायचा, आणि मी 'बस' म्हटलं की थांबायचं.

ते टाकत गेले. टिक, टिक. मग थांबले.

"टाका ना."

"एक विचारू का?"

"आधी टाका, हात दुखून राहिले माहे."

"नाही, हाच टाइम बरा हाय," ते म्हणाले. "तुमाले आता उठून जाता येत नाही."

मी विमानाकडे बघत राहिले. त्यांच्या मुठीत छर्रे होते आणि मूठ पेटीवर तशीच अधांतरी.

"मी म्हणतो, आपण दोघं एका घरी राहू. लग्न करून, रीतसर. या वयात लोकं हासतील. हासू दे."

"तुमच्या घरचे?"

"पोरगा तिकडे. पोरगी समजदार हाय. बाईले मी सांगन." बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. त्यांना तिनेच वाढवलं होतं, विधवा झाल्यापासून त्यांच्याकडेच राहत होती.

माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या. "छर्रे टाका," मी म्हटलं.

त्यांनी टाकला. एक, दोन, तीन. शेपूट हळूहळू वर आली, नाक खाली आलं, आणि विमान सरळ झालं.

"बस," मी म्हटलं. आणि मग म्हटलं, "हो."

"बस का हो?"

"दोन्ही."

ते खुर्चीवर बसले आणि रुमालाने तोंड पुसायला लागले. मी विमान खाली ठेवलं. आम्ही दोघंही बराच वेळ छर्र्यांची पिशवी बांधत होतो, जी एका गाठीत बांधून होते.

उजव्या पंखावर फिल्मला थोड्या सुरकुत्या होत्या. त्या त्यांना खुपत होत्या. "मी घरी नेऊन इस्त्री करतो," म्हणत त्यांनी पंख काढून पिकअपमध्ये ठेवला. धड माझ्याकडे राहिलं.

एप्रिलमध्ये त्यांनी मला काटोलला जेवायला नेलं. मी हातमागाची निळी साडी नेसले होते. बाजारामागे दोन मजली घर. मुलगी वर्ध्याहून आली होती, तिशीची, शिक्षिका. हसून या म्हणाली. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला.

"नागपूरले कुठी राहता?" त्यांनी विचारलं.

"इंदोऱ्याला."

"आडनाव काय म्हनलं?"

मी सांगितलं.

"असं," बाई म्हणाल्या. थोडा वेळ त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग भाचीकडे वळल्या. "काय वं, पाणी दिलं का यायले?"

मुलगी आत गेली. पाणी कागदी ग्लासात आलं. उन्हाळ्यात पाहुण्यांची गर्दी असली की घरोघरी असे ग्लास आणून ठेवतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि प्यायले.

मग ताटं वाढली गेली. आम्ही चौघं. तीन स्टीलची ताटं, आणि माझ्यासमोर चंदेरी कागदाची प्लेट, वाढदिवसाला पोरांना देतात तशी.

"भांडेवाली आली नाही ना आज," मुलगी म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली.

ते माझ्यासमोरच बसले होते. त्यांनी माझ्या प्लेटकडे पाहिलं. मग बाईकडे. मग स्वतःच्या ताटाकडे. मी वाट बघत होते. काय करावं त्यांनी, असं मला वाटत होतं? उठून आत जावं, एक ताट आणावं. नाहीतर नुसतं म्हणावं, मलेही कागदाचीच द्या. त्यांनी पोळी मोडली, पातोडीच्या रश्शात बुडवली आणि खाल्ली.

मीही जेवले. पातोडी छान झाली होती. रश्शाने प्लेट मऊ पडली आणि तो कडेने गळायला लागला, म्हणून मी खाली हात धरून जेवले. जेवण झाल्यावर मी प्लेट घेऊन उठले. मुलीने मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "तिकडे डबा हाय, त्यात टाका."

आम्ही पिकअपने परत निघालो. कळमेश्वर आलं तेव्हा ते म्हणाले, "बाईचं वय झालं जी. सत्तर पार झाली. मनावर नका घेऊ."

"पोरीचं वय काय?" मी विचारलं.

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. घरापाशी मी उतरले. दार लावायच्या आधी त्यांनी "मॅडम" म्हटलं, मी थांबले, मग त्यांनी गाडी वळवली.

त्यानंतर ते दोन रविवार मैदानावर आले. पहिल्या रविवारी म्हणाले, जरा थांबू, पोरीच्या दिराचं लग्न होऊ दे. दुसऱ्या रविवारी फोमचं विमान एकदा उडवून निघून गेले. मग येणं बंद. फोन केला तर म्हणायचे, "सीजन हाय जी, माल येऊन राहिला." मे महिन्यात संत्र्याचा कसला सीजन, हे नागपुरातल्या कोणालाही कळतं. पण मी "बरं" म्हणायची आणि फोन ठेवायची. सकाळी उठून दोघांचा चहा टाकायची आणि अर्धा ओतून द्यायची. असं मी तीन-चार रविवार केलं. या वयाच्या बाईने हे लिहावं का, मला माहीत नाही. पण केलं.

जूनच्या सुरुवातीला अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी काटोलची बस धरली. बाजार थंड होता. त्यांच्या गाळ्यावर तीन-चार माणसं बसली होती. मला बघून ते उभे राहिले. बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "कोण जी भाऊ?" ते म्हणाले, "नागपूरच्या मॅडम आहेत. कामानं आल्या." आणि मला समोरच्या लिंबाखाली घेऊन गेले. चहा मागवला.

"इथं नव्हतं यायले पाहिजे तुमी," ते म्हणाले.

"मग कुठं येऊ?"

त्यांनी चहाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. वजन उतरलं होतं त्यांचं.

"एकच विचारते," मी म्हटलं. "त्या दिवशी माही प्लेट पाहिली होती का तुमी?"

"पाहिली."

"मग?"

"मग," ते म्हणाले. "मग जेवलो मी."

नाही पाहिली म्हणाले असते तर बरं झालं असतं. खोटारडा माणूस म्हणून परतीच्या बसमध्ये मला चिडता आलं असतं. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

"दोन रोज झोप नाही आली मले," ते म्हणाले. "तुमच्या घरी ताट घासताना जसा मी होतो ना, तसा घरी नाही होता येत. बाजारात लोकं भाऊ भाऊ करतात. बाईसमोर मी अजून दहा वर्षांचाच हाय."

"सांगन म्हणाले होते तुमी तिले."

"म्हणालो होतो."

"मग सांगा ना." माझा आवाज चढला होता. गाळ्यावरचे बघायला लागले. "मी काही मागून नाही राहिली. एक ताट. तेवढंच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाले, "नाही होत जी माह्यानं."

मी उठले. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलायचं होतं ते लिंबाखाली, माणसांसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं.

"पंख पाठवून द्या," मी म्हटलं.

आठवड्याने त्यांचा ड्रायव्हर पंख घेऊन आला. धुतलेल्या चादरीत गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी नव्हती. मी चादर सोडली आणि पंख उजेडात धरला. एकही सुरकुती नव्हती. इतकी हळू, इतकी एकसारखी इस्त्री करायला किती संध्याकाळी लागल्या असतील, ते मला कळत होतं. मी चादरीची घडी केली आणि ड्रायव्हरला परत दिली.

विमान महिनाभर कपाटावर पडून राहिलं. मग मी ते उतरवलं. छर्रे पेटीत नुसतेच होते, चिकटवलेले नव्हते, आणि पंखाला पुन्हा इस्त्री झाली होती, म्हणून सीजी परत तपासायला हवा होता. एकट्याने दोन्ही बोटांवर धरून छर्रे टाकता येत नाहीत. मी दोन लाकडी पट्ट्या उभ्या केल्या, त्यांच्या टोकांना खोडरबर लावले आणि त्यावर विमान ठेवलं. दोन छर्रे काढावे लागले. बाकीचे गोंदाने पक्के केले.

दिवाळीनंतर ते उडवलं. पहिल्याच उड्डाणात, रिमोट सोडून दिला तरी ते सरळ जात राहिलं. सर्व्हेअर काका म्हणाले, "ताई, याले तं हातच लावावं लागत नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं नाही. लेआउटवरची माणसं विमानांबद्दल बोलतात, माणसांबद्दल नाही. त्याबद्दल मी तेव्हा मनोमन त्यांचे आभार मानले.

सात-आठ रविवार ते छान उडालं. मग जानेवारीत मी साफसफाईसाठी त्याच्या तारा काढल्या आणि परत लावताना अदलाबदल केली. उडवण्याआधी पंखांच्या वळवायच्या झडपा बरोबर दिशेला हलतात का हे बघायचं असतं. सगळ्यांना हे मीच बजावत आले होते. त्या दिवशी मी बघितलं नाही. उजवीकडे वळवलं तर ते डावीकडे झुकलं. मी घाबरून अजून वळवलं, ते अजून झुकलं, आणि सिमेंटच्या खांबावर जाऊन आपटलं. पंखाचे तीन तुकडे. लाल-पांढरी फिल्म लोंबत होती.

मी तिथेच मुरमात बसले आणि रडायला लागले. काटोलच्या बसमध्ये मी रडले नव्हते, पंख आला तेव्हा रडले नव्हते. आता थांबेचना. मोबाइलवाले भाऊ तुकडे गोळा करायला धावले. काका गुडघे धरत माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "लाकूडच हाय ना ताई. पुन्हा बनवू." मी मान हलवली. हो, लाकूडच आहे, म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी बोलता बोलता सांगितलं की काटोलच्या त्या संत्र्यावाल्यांची थोरली बहीण वारली. काकांची सासुरवाडी तिकडची, त्यांना कळलं होतं. घरी येऊन फोनचा आवाज पूर्ण वाढवला. तेरा दिवस तर ते घरातून हलणार नाहीत, हे मी गृहीत धरलं. चौदाव्या दिवसापासून वाट बघितली. ऑफिसात साहेबांसमोर वाजला तरी चालेल, म्हणून तो टेबलावर उघडा ठेवायची. आंघोळीला जाताना न्हाणीच्या दारात स्टुलावर ठेवायची. त्यांचा फोन आला असता तर मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. हे लिहितानाही माहीत नाही. एकदा वाजला तो गॅसवाल्याचा होता. एकदा भावाचा.

महिना होऊन गेला. मग एका सोमवारी, ऑफिसला निघताना, मी आवाज पुन्हा कमी केला, फोन पर्समध्ये टाकला आणि दाराला कुलूप लावलं.